बर्डीच्या गोंगाटात बोलणं स्वच्छ रेकॉर्ड होत नाही? आधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी) व्हरायटी चौकात, इतवारीत किंवा कळमन्याच्या बाजारात कुणाशी तरी छान बोलणं झालं, समोरचा माणूस मनापासून बोलला, तिथं उभं असताना शब्दन् शब्द कळत होता. घरी येऊन हेडफोन लावले तर हॉर्न, ऑटो, बसचं इंजिन आणि त्या सगळ्याखाली दबलेलं बोलणं. मग नवा माइक घेतला जातो, कधी फोनही बदलला जातो. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

पुन्हा तेच होतं, कारण बिघाड जागेवरच झालेला असतो आणि जागेवर तो कानाला कळत नाही. आपल्याला दोन कान आहेत. आवाज कुठून येतोय हे मेंदूला त्यातून कळतं, समोरच्याचे ओठ डोळ्यांना दिसत असतात आणि नको ते आवाज मेंदू मागे सारतो. कोलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये यावर प्रयोग करून दाखवले. गर्दीत एकाच माणसाचं बोलणं उचलायच्या या क्षमतेला तेव्हापासून ‘कॉकटेल पार्टी इफेक्ट’ म्हणतात. माइकला ही निवड येत नाही. त्याच्यावर जे आदळतं ते सगळं तो एकाच वहीत लिहितो.

म्हणून सगळ्यात आधी सवय बदलायची ती ही, की चौकात कानावर विश्वास ठेवायचा नाही. पंधरा-वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करायचं आणि तिथंच ऐकायचं. ऐकायला वायरचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवेत. साध्या इअरबडमधून बाहेरचा गोंगाट आत येतो आणि रेकॉर्डमधला गोंगाट कोणता, बाहेरचा कोणता, हे समजत नाही. तसे हेडफोन नसतील तर चार पावलं बाजूच्या गल्लीत जाऊन ऐका. हे करणाऱ्याचं अर्धं काम तिथंच होतं.

बाहेरचा माइक लावला, तरी फरक पडत नाही

आवाज नेमका कोणत्या माइकने घेतला हे आधी बघा. रेकॉर्डिंग सुरू करून माइकच्या जाळीवर नखाने हलकेच खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर खरवडा. ऐकताना दुसरी खरखर मोठी आली, तर तुमचा माइक नुसता लटकतोय आणि काम फोनचाच माइक करतोय.

कारण बहुधा पिनमध्ये सापडतं. गोल पिनच्या फोनला तीन पट्ट्यांची पिन लागते, कॅमेऱ्याला दोन पट्ट्यांची. कॅमेऱ्याची पिन थेट फोनमध्ये घातली, तर फोनला माइक लागल्याचं कळतच नाही. काही कॉलर माइकच्या बॅटरीच्या डबीवर फोन आणि कॅमेरा असा खटका असतो, तो चुकीच्या बाजूला राहतो. टाइप-सी फोनमध्ये कधी ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) सेटिंग हाताने चालू करावं लागतं, कधी फोनचं कॅमेरा ॲप बाहेरचा माइक घेतच नाही आणि दुसरं ॲप वापरावं लागतं. ब्लूटूथ इअरफोनचा माइक या कामाला घेऊच नका. ब्लूटूथवर माइक चालू झाला की बहुतेक जोड्या फोन-कॉलच्या दर्जावर उतरतात, वरच्या पट्टीतला आवाज कापला जातो आणि स, श, च, फ यांतला फरक पुसट होतो.

बोलणं दूरून आल्यासारखं वाटतं

ही खरी जड बाजू आहे, आणि माझ्या मते दहातल्या आठ तक्रारी इथंच संपतात. अडचण गोंगाट किती आहे यापेक्षा तोंड आणि माइक यांच्यात अंतर किती आहे, याची जास्त असते.

उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की बोलण्याची पातळी ६ डेसिबलने उतरते आणि अंतर निम्मं केलं की तेवढीच चढते. चौकातला गोंगाट मात्र चहूकडून येतो. माइक हातभर पुढे-मागे केल्याने त्याच्यात काही फरक पडत नाही. आता हिशेब करा. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत व्यापारी भागासाठी दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल आहे. म्हणजे बर्डीचा मेन रोड उद्यापासून अगदी नियमात वागू लागला, तरी एक मीटरवर धरलेल्या माइकमध्ये बोलणं गोंगाटाच्या खालीच राहणार. तोच माइक ५० सेंटिमीटरवर आणला तर ६ डेसिबल मिळाले, २५ वर १२, साडेबारावर १८. एवढा फरक कुठलाही महागडा माइक दूर उभा राहून देणार नाही.

कॅमेऱ्यावर लावायचा लांबट शॉटगन माइक लोक याच आशेने घेतात. तो बाजूचे आवाज कमी करतो हे खरं, पण ते मुख्यतः वरच्या पट्टीतले. बस आणि ट्रकच्या इंजिनाची खालची घरघर त्याच्यात बाजूनेही शिरते. वर्धा रोडवर डबल डेकर पुलाखाली उभं राहिलात तर काँक्रीटच्या छतावरून आणि खांबांवरून गाड्यांचा आवाज उलटून येतो, आणि हा माइक तिथं पार गोंधळतो. पुलाखाली सावली मिळते म्हणून सगळे तिथं थांबतात. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर नका थांबू.

गर्दीत हातात धरायचा साधा डायनॅमिक माइक अजूनही सगळ्यात भरवशाचा आहे. तोंडापासून चार बोटं, हनुवटीच्या पातळीला, थोडा तिरका. तिरका यासाठी की प, फ, भ म्हणताना निघणारा श्वास थेट जाळीवर आदळू नये. धरायचा दांड्याला, जाळी मुठीत पकडली तर माइकच्या मागची भोकं बुजतात आणि मागचा आवाज टाळण्याची त्याची ताकदच जाते.

पैसे खर्च करायचे नसतील तर दुसरा फोन पुरतो. फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला असतो. रेकॉर्डर चालू करून, एअरप्लेन मोड लावून तो फोन समोरच्याच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात उलटा ठेवा, म्हणजे खालची कड वर येईल. व्हिडिओ वेगळ्या फोनवर चालू असेल तर सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवता येतात. वायरच्या इअरफोनच्या तारेवरचा छोटा माइकसुद्धा सदऱ्याच्या गुंडीजवळ अडकवला की कॉलर माइकचं काम करतो.

माइक तोंडाजवळ नेला की समोरचा बिचकतो, ही अडचण खरी आहे. त्यासाठी आधी दोन वाक्यं बोलावी लागतात. कळमन्यात संत्र्याच्या लिलावाजवळ एका हमाल काकाजींशी बोलायचं होतं. बाजूला टेम्पो मागे घेत होते, क्रेट आपटत होते. माइक चालू करायच्या आधी मी त्यांना म्हटलं, “काकाजी, इथं आवाज फार आहे. माइक तुमच्या तोंडापाशी धरतो, तुम्ही ओरडू नका, घरी बोलता तसंच बोला.” ते म्हणाले, “हाव, पण मंग तुमाले ऐकू येईन का?” मी हेडफोन दाखवले. त्यानंतर ते खरंच हळू बोलले. आंबिया बहाराच्या, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाच्या, दिवसांत किती गाड्या उतरवाव्या लागतात, पाठीला काय होतं, मुलगा काय करतो, सगळं सांगितलं. रेकॉर्डमध्ये क्रेटचा आवाज आहे, लिलावाची ओरड आहे, आणि त्यांचं बोलणं या सगळ्याच्या पुढे आहे.

ओरडू नका, हे सांगणं फार महत्त्वाचं आहे. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी हे १९११ मध्ये नोंदवलं. आवाज चढला की त्याची पट्टी वर जाते, वाक्यं तुटतात, आणि ज्याला हळू सांगण्यासारखं काही असतं तो ते सांगायचं टाळतो. माइक जवळ असेल तर ओरडायची गरजच उरत नाही.

माइक जवळ आहे, तरी रस्ता फार येतो

आता कोण कुठे उभं आहे ते बघा. मुलाखतीत माइक बोलणाऱ्याकडे वळलेला असतो. म्हणजे बोलणाऱ्याच्या पाठीमागे जे आहे, तेही माइकच्या समोरच आहे. चौक दिसावा म्हणून आपण त्यांना रस्त्याकडे पाठ करून उभं करतो आणि सगळी वाहतूक थेट माइकमध्ये ओततो. उलट करा. रस्ता तुमच्या पाठीशी, बोलणारा इमारतीच्या बाजूला. कार्डिऑइड जातीचा, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा, माइक बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकतो, तो मागचा भाग गाड्यांकडे आला पाहिजे. चित्रात चौक हवाच असेल तर त्याचं दृश्य वेगळं घ्या आणि मध्ये टाका.

बोलणाऱ्याच्या मागे काय आहे यानेही फरक पडतो. बंद दुकानाचं लोखंडी शटर, काचेचा दर्शनी भाग, सपाट भिंत, हे सगळं रस्त्याचा आवाज परत फेकतं. झाडी, रचलेली पोती, कपडे टांगलेला ठेला हे बरं. आणि या कामासाठी नागपुरात माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे गांधीबागेतलं कापडाचं दुकान. तिन्ही भिंतींना वरपर्यंत कापडाचे थान, खाली गादी. मालकाला विनंती करून आत दहा मिनिटं बसू दिलं, तर बाहेर हातगाड्या आणि हॉर्न चालू असतानाही आत बोलणं स्टुडिओसारखं कोरडं आणि स्वच्छ मिळतं. जवळ चारचाकी उभी असेल तर इंजिन आणि एसी बंद करून, काचा लावून तीही चालते. मात्र मे महिन्यात हा उपाय सकाळी आठच्या आतच करा, आणि कुणालाही बंद गाडीत दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका.

सिग्नलजवळ असाल तर त्याची लय ओळखा. हिरवा झाल्यावर पहिले काही क्षण हॉर्नचे असतात. प्रश्न त्या वेळात विचारा, उत्तर नंतर येऊ द्या. तुमचा प्रश्न घरी पुन्हा रेकॉर्ड करता येतो, त्यांचं उत्तर नाही.

बोलणं थांबलं की गोंगाट उसळतो

दोन शब्दांच्या मध्ये गाड्यांचा आवाज एकदम मोठा होतो आणि बोलणं सुरू झालं की दबतो. हा गोंगाटाचा दोष नव्हे. फोन आणि कॅमेरे आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतात, त्याचा हा परिणाम. माणूस श्वास घ्यायला थांबला की यंत्राला वाटतं आवाज कमी पडला, आणि ते पातळी चढवतं. कॅमेऱ्यात किंवा ॲपमध्ये ऑटो बंद करा, पातळी हाताने ठेवा. सगळ्यात मोठा बोल पातळी दाखवणाऱ्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास आला पाहिजे. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत नेमकं हेच होतं. इतवारी-महाल भागात ढोल-ताशे, “घेऊन जा गे मारबत”च्या आरोळ्या, आणि त्यात कुणी दोन वाक्यं सांगत असतं. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर (हळू आणि फार मोठा आवाज दोन्ही न फाटता साठवणारा) असेल तर पातळीची काळजी बरीच कमी होते, पण तो गोंगाट कमी करत नाही. आणि माइकच ढोलाने भरडला गेला असेल तर रेकॉर्डर काही करू शकत नाही. मिरवणुकीबद्दल नीट बोलणं हवं असेल तर मारबत बांधणाऱ्यांकडे आधीच्या दिवसांत जा. बांबू, कागद, रंग यांच्यात बसून ते जे सांगतात ते मिरवणुकीत सांगणं शक्यच नाही. मिरवणुकीत फक्त मिरवणूक रेकॉर्ड करा.

दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला (दसऱ्याला) अडचण वेगळी असते. पुस्तकांच्या स्टॉलपासून भोजनदानाच्या मंडपापर्यंत सगळीकडे लाउडस्पीकरवर गाणी असतात. बोलण्यामागे गाणं असलं की नंतर एक वाक्यही कापता येत नाही, कारण कापल्या जागी गाणं उडी मारतं. तिथं दूर गावाहून, रात्रभर प्रवास करून आलेली माणसं भेटतात, पुन्हा भेटतीलच असं नाही. स्पीकरकडे पाठ करून चालेल असं समजू नका. त्यांना विनंती करून शंभर पावलं बाजूला, झाडाखाली न्या. सोबतच्या लोकांनाही बोलवा, म्हणजे चुकामूक होणार नाही.

खसखस, खटखट, भडभड

कॉलर माइकची जागा हनुवटीखाली वीतभर. पण साडीवर तो पदराला लावला तर पदर हलला की घासतो, आणि मंगळसूत्राचे मणी प्रत्येक श्वासाला त्याच्यावर वाजतात. मणी जिथपर्यंत येतात त्याच्या वर, ब्लाउजच्या काठाला तो बाईंनी स्वतःच लावावा, आणि तार पदराआडून खाली सोडून एक वेटोळं क्लिपमध्ये अडकवावं, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. कडक स्टार्चचा खादी कुर्ता, आयडी कार्डाची दोरी, उन्हासाठी गळ्याभोवती घेतलेला दुपट्टा यांचंही तसंच. दुपट्टा दहा मिनिटं काढून ठेवायला सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. गोंगाट फारच असेल तर कॉलर माइक सोडून हातातला घ्या. वीतभर अंतराऐवजी चार बोटं म्हणजे जवळजवळ ९ डेसिबलचा फायदा.

भडभड आवाज वाऱ्याचा. फुटाळ्याच्या आणि अंबाझरीच्या काठावर, मेट्रोच्या उंच फलाटांवर तो हमखास येतो. स्पंजची टोपी श्वासापुरती ठीक, वाऱ्याला केसाळ फरचं कव्हर लागतं. माइकमध्ये किंवा रेकॉर्डरमध्ये लो-कट (खालच्या पट्टीतला आवाज कापायची सोय) असेल तर ८० ते १०० हर्ट्झवर लावा, इंजिनाची घरघरही कमी होते.

मोर्च्यात वायरलेस माइक तुटक येतो. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमच्या परिसरात हजारो फोन एकाच जागी असतात, आणि स्वस्त वायरलेस माइक वाय-फाय, ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्टीत चालतात. त्यात माणसाचं शरीर या लहरी अडवतं. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना दिसतील असे ठेवा, ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती चालू ठेवा, नाहीतर सरळ वायर वापरा.

घरात गेलो, तरी आवाज खराब

उन्हाळ्यात नागपुरात बाहेरच्या गोंगाटातून घरात आलो की समोर कूलर असतो. पंखा, पंप, जाळीवरून पडणारं पाणी मिळून त्याची जी सळसळ होते ती नेमकी स, श, ष, थ, फ यांच्याच पट्टीत पसरते. ती रेकॉर्ड झाली की मागून काढताना ही अक्षरंही सोबत जातात. त्यामुळे कूलर बंद करायला सांगणं भाग आहे, आणि मे महिन्यात ४५ अंशांत म्हाताऱ्या माणसासमोर कूलर बंद करणं बरोबरही नाही. माझा मार्ग असा: भेट सकाळी लवकर ठरवायची, पाच-सात मिनिटं कूलर बंद ठेवून बोलायचं, मग चालू करून पाणी प्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, पुन्हा बंद. खोली रिकामी, फरशीची असेल तर घुमतं. गादीवर, पडद्याजवळ बसा.

रेकॉर्ड झालंय, आता साफ करायचं आहे

ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट कमी करायची सोय आहे. तिला आधी फक्त गोंगाटाचा एक तुकडा नमुना म्हणून द्यावा लागतो, म्हणून जागेवर कुणीही न बोलता तीसेक सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. पंखा, जनरेटर, कूलर अशा एकसारख्या आवाजावर ती चालते. हॉर्न, माणसांची गर्दी, गाणं यांच्यावर नाही, कारण ते क्षणोक्षणी बदलतात. जोर बेताचा, ६ ते १० डेसिबलपुरताच ठेवा. पूर्ण ताण दिलात तर बोलणं खळखळतं आणि ऐकणारा दमतो. त्याआधी १०० हर्ट्झच्या खालचं कापा, २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग थोडासा वर घ्या. एआयवर चालणारी साधनं यापेक्षा पुष्कळ पुढे गेली आहेत, पण बोलणं गोंगाटाखालीच असेल तर ती अक्षरं अंदाजाने भरतात. मराठीत ट आणि ठ, ब आणि भ, ल आणि ळ यांच्यात अर्थ बदलतो, आणि वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडचे शब्द यंत्राने बदललेले मला तरी चालत नाहीत. मूळ फाइल जपून ठेवा आणि साफ केलेली तिच्याशी ताडून ऐका.

नेमक्या शब्दावर पडलेला हॉर्न कुठल्याच उपायाने निघत नाही. म्हणून हेडफोनवर तो पडताना ऐकलात की हाताने थांबायची खूण करा, गाडी जाऊ द्या आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायला सांगा. गावांची आणि माणसांची नावं, सालं, रकमा निघण्याआधी एकदा परत विचारून घ्या आणि वहीतही लिहा. हिवरा म्हणाले की हिवरी, पाचशे म्हणाले की सातशे, हे तिथंच विचारता येतं. घरून फोन करायला काकाजींचा नंबर तुमच्याकडे असेलच असं नाही.